चाकणच्या उजेडात बुडालेली दीर्घिका: एनजीसी १३६५ च्या एका फोटोचं प्रकरण

हे प्रकरण आकाशाचे फोटो काढणाऱ्या आमच्याच छोट्या ग्रुपमधलं आहे. नावं आणि शेतघरांचे पत्ते मुद्दाम दिलेले नाहीत, बाकी जे घडलं ते घडलं तसंच लिहिलंय. तीन माणसं: एक काका, बँकेतून रिटायर झालेले, टेलिस्कोप त्यांचा. एक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, फोटोवरची सगळी प्रोसेसिंग तिची. आणि मी, गाडी चालवणं, माउंट (टेलिस्कोप धरून फिरवणारं यंत्र) उचलणं आणि रात्रभर गाइडिंगचा, म्हणजे माउंट ताऱ्याच्या मागे नीट जातंय का त्याचा, आलेख बघत बसणं हे माझं काम.

पार्श्वभूमी

काकांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, एनजीसी १३६५. फोर्नॅक्स तारकासमूहातली ही बार्ड स्पायरल, म्हणजे जिच्या मधून ताऱ्यांचा एक सरळ दांडा जातो आणि त्या दांड्याच्या दोन टोकांपासून दोन आर्म वळत बाहेर निघतात अशी दीर्घिका. शेतातला फिरता स्प्रिंकलर पाणी उडवताना वरून जसा दिसेल, अगदी तसा आकार. अंतर साधारण ६ कोटी प्रकाशवर्षं, आणि आकाराने ती आपल्या आकाशगंगेपेक्षा मोठी, जवळपास २ लाख प्रकाशवर्षं रुंद. जेम्स डनलॉपने १८२६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पॅरामट्टाहून ती पहिल्यांदा नोंदवली. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये तिच्यात एक सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, दिसला होता, एसएन २०१२एफआर, तेव्हा काकांनी तिचे फोटो नेटवर बघितले आणि तेव्हापासून हे वेड. आपली स्वतःची आकाशगंगासुद्धा दांडावालीच आहे, पण आपण तिच्या आत बसलोय त्यामुळे तो दांडा आपल्याला कधी असा समोरून दिसणार नाही, म्हणून काका म्हणायचे की ही बघणं म्हणजे आरशात बघण्यासारखं आहे. मला हे त्यांचं म्हणणं मनापासून पटतं.

आता महाराष्ट्रातून ही दिसते का, तर दिसते, पण खाली. तिची डेक्लिनेशन, म्हणजे आकाशातला अक्षांश, उणे ३६ अंश आहे आणि आपण साडेअठरा अंश उत्तरेला, म्हणजे ती जास्तीत जास्त चढते ते बरोबर दक्षिणेला साडेपस्तीस अंशांपर्यंत, त्याच्यावर नाही. युरोपातल्या बहुतेक लोकांना तेवढंही मिळत नाही, पण चिलीमध्ये तीच दीर्घिका जवळपास डोक्यावरून जाते. तिथले फोटो बघून आपण आपल्याकडून अपेक्षा ठेवायला लागलो की गोंधळ होतो, आणि तो आमचाही झाला.

सामान असं होतं: ८ इंची न्यूटोनियन म्हणजे आरशाचा टेलिस्कोप, फोकल लेंथ १००० मिमी, एफ/५, कोमा करेक्टर (फ्रेमच्या कडेचे तारे नीट ठेवणारी लेन्स), ईक्यू६ वर्गातलं माउंट, छोटा गाइडस्कोप आणि एएसआय ५३३ एमसी प्रो हा कूल्ड कलर कॅमेरा. या जोडीला एका पिक्सेलमध्ये पाऊण आर्कसेकंदाच्या (अंशाचा साठावा भाग आर्कमिनिट, त्याचा साठावा भाग आर्कसेकंद) थोडं वर आकाश येतं आणि पूर्ण फ्रेम ३९ आर्कमिनिटांची चौकोनी. दीर्घिका साधारण ११ आर्कमिनिटं, म्हणजे फ्रेममध्ये मस्त बसते, आजूबाजूला मोकळं आकाशही राहतं. सामानाबद्दल एवढंच, कारण या प्रकरणात सामानाने कुठेच दगा दिलेला नाही.

पहिली फेरी आणि अडचण

कार्तिक अमावास्येच्या आसपासचा शनिवार, डिसेंबरचा पहिला पंधरवडा. जागा जुन्नर तालुक्यातलं ओळखीच्यांचं शेतघर. ही जागा निवडण्याचं कारण अगदी व्यवहारी होतं, चारी बाजूंनी कंपाउंड आहे. जुन्नरमध्ये बिबट्याचा विषय हलक्यात घेण्यासारखा नाही, उसाच्या शेताला लागून उघड्यावर रात्रभर शांत बसून राहणं हा मूर्खपणा आहे, तेव्हा कंपाउंड आणि आत-बाहेर करायला जवळ दार ही आमची पहिली अट होती. डोक्यावरचं आकाशही तिथे छान आहे, मृग वर आलं की नुसत्या डोळ्यांनी तेजोमेघ कळतो.

सव्वाआठला सुरुवात केली, पहाटे दोनला दहा कमी असताना थांबलो. १८० सेकंदांच्या ९६ फ्रेम, म्हणजे ४ तास ४८ मिनिटं. आम्ही खूश होतो. घरी येऊन स्टॅक केलं, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक जुळवून एक फोटो केला, आणि फोटोत काय होतं, तर मधला गाभा झगझगीत, दांडा दिसतोय, दांड्याच्या टोकांना आर्म सुरू झाल्यासारखे दोन ठिपके, आणि मग काहीच नाही. स्प्रिंकलरचा नुसता पाइप, पाणी गायब. स्ट्रेच, म्हणजे अंधुक भाग उजळवणं, वाढवला की आर्मच्या आधी खालच्या बाजूचा नारिंगी पट्टाच वर यायचा आणि अर्धी फ्रेम व्यापायचा. ताऱ्यांना एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळी कड.

काकांचा चेहरा पडला. त्यांचा पहिला निष्कर्ष होता की वेळ कमी पडला, अजून १० तास घ्यायला हवेत. माझा होता की फोकस सरकला असणार. दोघांचंही चुकलं होतं, पण त्या क्षणी जर आम्ही काकांचं ऐकून पुढच्या अमावास्येला पुन्हा जुन्नरलाच गेलो असतो तर अख्खा सीझन तिथेच संपला असता. तो पहिला खरा डिसिजन पॉइंट, आणि तो आम्ही नुसता गप्प बसून घेतला, म्हणजे आठवडाभर काहीच ठरवायचं नाही असं ठरवलं आणि ९६ फ्रेम त्या मुलीकडे दिल्या.

कारण कसं सापडलं

तिने एक साधी गोष्ट केली जी आम्ही आधीच करायला हवी होती. प्रत्येक फ्रेमच्या मोकळ्या आकाशाचा उजेड, म्हणजे बॅकग्राउंडचा आकडा काढला आणि वेळेसमोर मांडला. दीर्घिका वर चढत जाते तसा हवेचा थर पातळ होतो, त्यामुळे बॅकग्राउंड कमी कमी होत जायला हवं, अकराच्या सुमाराला ती बरोबर दक्षिणेला येते तेव्हा सगळ्यात कमी, आणि मग ढळायला लागली की परत वाढायला हवं. म्हणजे आलेख वाटीसारखा. आमचा आलेख टेकडीसारखा होता! सगळ्यात जास्त उजेड नेमका अकराला.

काका म्हणाले, "अगं, साडेदहा-अकराला ट्रॅफिक असतो, लाइट चालू असतात, एक वाजता बंद होतात." तिने उत्तर दिलं, "काका, तसं असतं तर साडेआठला सगळ्यात जास्त यायला हवं होतं ना? साडेआठला तर कमी आहे." त्यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. वेळेचा प्रश्न नव्हता, दिशेचा होता.

मग नकाशा उघडला. जुन्नरहून सरळ दक्षिणेला रेघ मारली तर ती कुठून जाते बघा: राजगुरुनगर, चाकण, भोसरी-पिंपरी-चिंचवड आणि त्याच्या मागे अख्खं पुणे. पुणे-नाशिक हायवेचा पट्टाच्या पट्टा. चाकणची एमआयडीसी रात्री झोपत नाही. म्हणजे दीर्घिका जेव्हा सगळ्यात उंच, सगळ्यात चांगल्या जागी येत होती, नेमकी तेव्हाच ती आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या उजेडाच्या घुमटासमोर उभी राहत होती. साडेआठला ती आग्नेयेकडे होती, तिकडे रांजणगावचा उजेड होता पण कमी. आणि डिसेंबरात ऊसतोड सुरू असते, कुठे ना कुठे पाचट पेटवलेलं असतं, तो धूर खालच्या थरात साचून राहतो आणि उजेड त्याच्यावर पसरतो, डोक्यावर बघणाऱ्याला हे कळतच नाही.

आम्ही डोक्यावरच्या आकाशावरून जागा निवडली होती आणि फोटो काढत होतो क्षितिजाकडच्या आकाशाचा. पुण्यातले बरेच जण अंधारासाठी उत्तरेला जातात, जुन्नर, माळशेज, भंडारदरा, आणि डोक्यावरच्या किंवा उत्तरेकडच्या ऑब्जेक्टसाठी ते बरोबरच आहे. खालच्या दक्षिणेच्या दीर्घिकेसाठी तीच जागा उलटी पडते.

दुसरं कारण उंचीचं. २० अंशांवर असताना आपण डोक्यावरच्या मानाने जवळपास ३ पट जाड हवेतून बघत असतो, ३५ अंशांवर पावणेदोन पट. ही हवा निळा उजेड जास्त खाते, आणि बार्ड स्पायरलमध्ये नेमके आर्मच निळे असतात कारण नवे गरम तारे तिथे जन्मतात, दांडा आणि गाभा जुन्या पिवळट ताऱ्यांचा. म्हणजे वातावरण आमच्याकडून नेमकं तेच काढून घेत होतं ज्याच्यासाठी आम्ही गेलो होतो. ताऱ्यांच्या लाल-निळ्या कडाही त्याच हवेच्या, ती प्रिझमसारखं वागते आणि खालच्या उंचीवर निळा-लाल दोन-तीन पिक्सेल सरकतो.

तिसरी गोष्ट मला माझ्या नोंदवहीत सापडली आणि वाचून वाईट वाटलं. मेरिडियन फ्लिप. जर्मन इक्वेटोरियल माउंट असलं की ऑब्जेक्टने मध्यरेषा, म्हणजे आकाशातली उत्तर-दक्षिण रेघ, ओलांडली की टेलिस्कोप एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला फिरवून घ्यावा लागतो, आणि आमचा फ्लिप बरोबर मध्यरेषेवर लागलेला होता, सॉफ्टवेअरमध्ये तसंच ठेवलेलं होतं, कोणी बदललंच नव्हतं. फ्लिपनंतर प्लेट सॉल्व्हिंग (ताऱ्यांवरून टेलिस्कोप नक्की कुठे बघतोय ते ओळखणं) अडलं, फ्रेमिंग हाताने केलं, फोकस परत बघितला, गाइडिंग परत कॅलिब्रेट केलं, ३५ मिनिटं गेली. उत्तरेकडच्या उंच ऑब्जेक्टला ३५ मिनिटं गेली तर फार फरक पडत नाही. या दीर्घिकेला ३० अंशांच्या वर सगळे मिळून साडेतीन तास मिळतात, त्यातला मधला सगळ्यात चांगला अर्धा तास आम्ही माउंट फिरवण्यात घालवला.

कोणते पर्याय होते

काकांच्या घरी चहावर बसून बराच वाद झाला, दोन तास तरी.

पहिला पर्याय तिथेच परत जाऊन जास्त तास घेणं. आलेख बघितल्यावर तो काकांनी स्वतःच सोडला.

दुसरा पर्याय लाइट पोल्युशन फिल्टर विकत घेणं. मी याच्या विरुद्ध होतो आणि अजून आहे. रस्त्यांवर पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा त्यांचा उजेड ठराविक रंगाच्या पट्टीत असायचा आणि फिल्टर ती पट्टी कापून टाकायचा. आता सगळीकडे एलईडी आहेत, त्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला. तेजोमेघासाठी नॅरोबँड फिल्टर कामाचा असतो कारण तेजोमेघ स्वतः ठराविक रंगातच चमकतो, पण दीर्घिका म्हणजे तारेच तारे, तिचा उजेडही सगळ्या रंगांत. फिल्टर दोघांनाही सारखाच कापणार. पैसे वाचले.

तिसरा पर्याय ऑब्जेक्ट बदलणं. हा मला तेव्हा सगळ्यात शहाणपणाचा वाटत होता. फेब्रुवारीपासून सिंह राशीतली एनजीसी २९०३ मिळते, तीही दांड्याची सर्पिल, १२ आर्कमिनिटांच्या वर, आणि पुण्यातून जवळपास डोक्यावर येते. तिच्यासाठी जुन्नरच उत्तम. किंवा यमुना तारकासमूहातली एनजीसी १३००, तिचा दांडा तर पुस्तकात छापावा असा आखीव, आणि ती ५२ अंशांपर्यंत चढते, पण आकाराने निम्मी आणि अंधुक. मी २९०३ साठी बराच आग्रह धरला. काका म्हणाले, "तू म्हणतोस ते बरोबर आहे, पण मला ती नको, मला हीच पाहिजे." ते ७१ वर्षांचे आहेत, थंडीत रात्रभर उभं राहणं किती सीझन जमेल हे त्यांचं त्यांनाच माहीत. मग मी तो विषय सोडला. अशा ठिकाणी "सोपं काय" आणि "हवं काय" यात ज्याचा टेलिस्कोप आहे त्याचं ऐकावं असं मला वाटतं.

चौथा पर्याय, चिलीतला टेलिस्कोप नेटवरून तासावर भाड्याने घेणं. फोटो नक्की चांगला आला असता, शंकाच नाही. काकांनी एका वाक्यात नाही म्हटलं, आपण जिथे उभे आहोत तिथून हवं.

पाचवा, जागा बदलणं. कोकणात, वेंगुर्ल्याकडे गेलं तर अडीच अंश जास्त उंची मिळते आणि नैऋत्येला नुसता समुद्र, उजेडच नाही. पण समुद्राची दमट हवा, आरशावर दव, मिठाचा थर, आणि ८ इंची न्यूटोनियन घेऊन एवढा प्रवास. शेवटी ठरलं की पुण्याच्या दक्षिणेला जायचं, म्हणजे पुण्याचा घुमट आपल्या पाठीमागे पडेल. वेल्ह्याच्या बाजूला एकांचं शेतघर मिळालं. तिथून पुणं ईशान्येला, आणि दक्षिणेला डोंगर, लांब महाबळेश्वरचा थोडासा उजेड. नैऋत्येला तोरण्याची कड दिसते पण दीर्घिका आमच्या कामाच्या वेळेत तिच्या बरीच वर असते, हे आधी ॲपवर तपासलं आणि मग दिवसा जाऊन डोळ्यांनीही बघितलं.

दुसऱ्या फेरीत काय केलं

मार्गशीर्ष अमावास्येच्या लागून असलेल्या दोन रात्री, शुक्रवार-शनिवार, जानेवारीतल्या. जानेवारीत ही दीर्घिका रात्री पावणेनऊ-नऊलाच दक्षिणेला येते, आणि पूर्ण अंधार साडेसातला होतो. म्हणजे चढतीचा सव्वा तास आणि उतरतीचे दोन-अडीच. डिसेंबरात वेळ जास्त मिळतो हे खरं, पण जानेवारी सोडून थांबायचं तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं असतं.

वेल्ह्याला पोचल्यावर पहिली अडचण पोलर अलाइनमेंटची, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे लावण्याची, आली. आपल्याकडे ध्रुवतारा मुळात १८ अंशांवरच, आणि शेतघराच्या उत्तरेला टेकडी, ध्रुव तिच्या मागे गेलेला. उत्तरेकडच्या देशांतले व्हिडिओ बघून शिकलेल्याला इथे घाम फुटतो. आम्ही नीना सॉफ्टवेअरमधलं थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट वापरलं, त्याला ध्रुव दिसायची गरज नसते, आकाशाच्या तीन जागांचे फोटो काढून ते चूक किती आहे ते सांगतं आणि आपण बोल्ट फिरवत ती कमी करायची. १५ मिनिटांत काम झालं. हे माहीत नसतं तर सामान उचलून जागा बदलायला लागली असती.

दुसरं, फ्लिप. या वेळी दुपारी उजेडात, माउंटची पॉवर बंद करून, क्लच सैल करून, ट्यूब हाताने दक्षिणेला त्या उंचीवर नेली आणि मध्यरेषेच्या पुढे हळूहळू सरकवत बघितलं की कॅमेरा किंवा ट्यूब स्टँडच्या पायाला कुठे लागतेय का. एक तास पुढेपर्यंत कुठेच लागत नव्हती. काउंटरवेट मात्र आपल्या अक्षांशावर स्टँडच्या पुढच्या पायाजवळून फार कमी अंतराने जातं, तिकडे लक्ष द्यायला हवं. मग फ्लिप मध्यरेषेनंतर ४५ मिनिटांवर लावला, सॉफ्टवेअरमध्येही आणि माउंटच्या स्वतःच्या लिमिटमध्येही, कारण एकात बदललं आणि दुसऱ्यात विसरलं तर माउंट मधेच थांबतं. त्यामुळे दीर्घिका सगळ्यात उंच असतानाचा पाऊण-पाऊण तास दोन्ही बाजूंनी अखंड मिळाला. या पूर्ण प्रकरणात फुकटात मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि ज्यांच्याकडे असं माउंट आहे त्यांनी दक्षिणेकडचं काहीही काढण्याआधी ही दुपारची तपासणी करावीच.

तिसरं, एक्सपोजर १८० वरून ९० सेकंदांवर आणलं. काकांना हे आवडलं नव्हतं, त्यांच्या फिल्मच्या काळातल्या सवयीत लांब एक्सपोजर म्हणजे जास्त माहिती. पण या कॅमेऱ्याचा रीड नॉइज (फ्रेम वाचताना कॅमेरा स्वतः घालतो तो कचरा) इतका कमी आहे की एफ/५ ला ९० सेकंदांतही आकाशाचा उजेडच वरचढ ठरतो, मग फ्रेम लांब करून काही मिळत नाही, उलट वाऱ्याची एक झुळूक आली की तीन मिनिटं वाया. छोट्या फ्रेम असल्या की वाईट तेवढ्या वेचून काढता येतात.

पहिल्या रात्री १२८ फ्रेम मिळाल्या. दुसऱ्या रात्री सुरुवातीला पातळ ढग होते, नंतर दव पडायला लागलं, सेकंडरी मिररला ड्यू हीटर होता म्हणून निभावलं, ११२ मिळाल्या. एकूण २४० फ्रेम, ६ तास. दर तासाला बाहतिनोव्ह मास्क लावून फोकस बघितला, थंडी वाढते तशी ट्यूब आक्रसते आणि फोकस सरकतो.

फ्रेम टाकायच्या का

इथे परत वाद झाला आणि माझ्या मते हाच या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय होता. मुलगी म्हणाली, ३० अंशांच्या खालच्या सगळ्या फ्रेम काढून टाकू, आणि वाऱ्याने तारे लांबट झालेल्या वेगळ्या. हिशोब केला तर २४० मधल्या फक्त १५१ उरत होत्या, ३ तास ४६ मिनिटं. म्हणजे जुन्नरच्या पहिल्या फेरीपेक्षाही एक तास कमी! काका एकदम म्हणाले, "बाळा, थंडीत कुडकुडत घेतलेल्या फ्रेमा आहेत या, कचऱ्यात कशा टाकायच्या?" आणि मला त्यांचं पटत होतं, कारण त्या रात्री साडेदहानंतरच्या फ्रेमसाठी आम्ही मुद्दाम थांबलो होतो.

तिने वाद घातला नाही. दोन्ही स्टॅक केले, एक २४० चा आणि एक १५१ चा, दोघांवर सारखंच काम केलं, आणि नाव न लिहिता काकांच्या लॅपटॉपवर शेजारी शेजारी उघडून ठेवले. काका चष्मा कपाळावर सरकवून पाच मिनिटं बघत बसले, मग एकावर बोट ठेवलं, म्हणाले यात दांड्यातली काळी रेघ दिसतेय. तो १५१ चा होता. ती काळी रेघ म्हणजे दांड्याच्या कडेने जाणारी धुळीची पट्टी, जिथून वायू आणि धूळ आत गाभ्याकडे ओढली जाते. दांडा त्या दीर्घिकेत हेच काम करतो, बाहेरचा वायू मधे आणून टाकतो. खालच्या उंचीवरच्या फुगलेल्या ताऱ्यांच्या फ्रेमांनी ती रेघ पुसून टाकली होती.

खरं सांगायचं तर २४० च्या फोटोत मोकळं आकाश थोडं जास्त गुळगुळीत होतं, नॉइज कमी होता. ज्याला फक्त अंधुक बाहेरचा भाग हवाय त्याने कदाचित ते सगळे ठेवले असते, कमी वजन देऊन. आम्हाला दांडा हवा होता.

फोटो बनवताना

सिरिल सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक, फ्लॅट आणि डार्क (टेलिस्कोपचे आणि कॅमेऱ्याचे दोष काढायला घेतलेले फोटो) लावून. तिन्ही रंगांचे थर वेगळे करून एकमेकांवर परत जुळवले, त्याने ताऱ्यांच्या लाल-निळ्या कडा बऱ्याच गेल्या. रंग फोटोमेट्रिक कॅलिब्रेशनने, म्हणजे फ्रेममधल्या ताऱ्यांचे कॅटलॉगमधले खरे रंग बघून सॉफ्टवेअर रंग बसवतं, अंदाजाने निळा वाढवायचा नाही.

एका ठिकाणी आम्ही घसरणार होतो. ग्रेडियंट, म्हणजे आकाशाच्या उजेडाचा उतार, काढायचं ऑटोमॅटिक टूल लावलं आणि आकाश एकदम काळंभोर, स्वच्छ झालं, आम्ही दोघं खूश, आणि ती मात्र गप्प. मग तिने टूलने काय काय वजा केलं त्याचा नकाशा उघडला, त्यात आर्मच्या बाहेरच्या वळणाची पुसट सावली होती. म्हणजे टूल आर्मलाच आकाशाचा डाग समजून खात होतं. मग बॅकग्राउंडचे पॉइंट हाताने ठेवले, दीर्घिकेपासून चांगले लांब, फक्त फ्रेमच्या कडेकडेने, आणि अगदी सौम्य उतार तेवढा काढला. आकाश थोडं कमी स्वच्छ दिसतं पण आर्म शाबूत. वजा केलेला नकाशा उघडून बघायची ही सवय मी आता स्वतःला लावून घेतलीय.

गाभा जळू नये म्हणून स्ट्रेच एकदम न करता हायपरबोलिक स्ट्रेचने तीन टप्प्यांत केला.

निकाल

दोन्ही आर्म आले. उत्तरेकडचा जास्त स्पष्ट, त्याच्यावर गुलाबी ठिपके, तिथे नवे तारे जन्मतायत, आणि दक्षिणेकडचा थोडा अंधुक पण वळण पूर्ण कळतं. दांडा पिवळसर, आर्म निळसर, हे रंग आपोआप आले. बॅकग्राउंड जुन्नरच्या मानाने बरंच खाली, आणि आलेख या वेळी वाटीसारखा, मध्यरेषेवर सगळ्यात कमी. मुलीने तो आलेख प्रिंट काढून काकांना दिला, फोटोच्या आधी.

जे आलं नाही तेही लिहायला हवं. आर्मच्या टोकांच्या पलीकडची जी अगदी फिकट झालर मोठ्या टेलिस्कोपच्या फोटोंत दिसते ती आमच्यात नाही. गाभ्याजवळचा तपशील ३५ अंशांवरच्या हवेने पुसलाय, तिथे एक जोमदार कृष्णविवर बसलंय आणि त्याच्याभोवती ताऱ्यांच्या जन्माचं कडं आहे, आमच्या फोटोत तो सगळा एक पिवळा ठिपका आहे. ३ तास ४६ मिनिटांत आणि या उंचीवर त्याहून जास्त मिळेल असं मला वाटत नाही.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी नकाशा. ऑब्जेक्टची दिशा, आपल्या जागेवरून त्या दिशेला रेघ, आणि त्या रेघेवर कोणती शहरं येतात, हे दहा मिनिटांचं काम आम्ही केलं असतं तर डिसेंबरची ती चांगली कोरडी रात्र वाया गेली नसती. निदान पहिल्या तासात दहा फ्रेम काढून बॅकग्राउंडचे आकडे बघायला हवे होते, लॅपटॉप समोरच होता.

डिसेंबरच धरायचा. जानेवारीत आम्ही चढतीचा अर्धा भाग गमावला. डिसेंबरच्या दोन रात्री वेल्ह्यात मिळाल्या असत्या तर ३० अंशांच्या वरचे जवळपास सात तास मिळाले असते.

३० अंशांच्या खाली गेल्यावर थांबायचं. साडेदहानंतर त्या दीर्घिकेवर अडून बसण्यापेक्षा ट्यूब फिरवून मृगाकडे नेली असती तर त्याच थंडीत अजून एक फोटो झाला असता. काकांना हे अजून पूर्ण पटलेलं नाही, त्यांच्या मते त्या फ्रेमा कधीतरी कामाला येतील, आणि त्यांनी त्या वेगळ्या हार्डडिस्कवर जपून ठेवल्यात.

मी २९०३ चा आग्रह आधी धरला होता तो चुकीचा होता का, याचा विचार मी बऱ्याचदा केला. फोटो म्हणून ती जास्त तपशीलवार आली असती हे मी अजूनही म्हणेन. पण काकांनी १२ वर्षं मनात धरलेली ती दीर्घिका नव्हती.

आता एप्रिलमध्ये एम ८३ करायचं ठरतंय, तीही दांड्याची आणि दक्षिणेची, पण ४१ अंशांपर्यंत येते. उन्हाळ्यात वणव्यांचा धूर आणि धूळ असते, म्हणून वेल्ह्याच्या शेतघरवाल्यांना आत्तापासूनच सांगून ठेवलंय की संध्याकाळी फोन करू, दक्षिणेला महाबळेश्वरकडचा डोंगर स्पष्ट दिसतोय का तेवढं सांगा, दिसत असेल तरच निघतो.